डब्यावर चिपचं नाव छापायला काय जातं या वायफाय डोंगल कंपन्यांचं?

डोकं फिरलंय नुसतं. एका फालतू वायफाय डोंगलपायी तीन रात्री गेल्या.

भाचीचा जुना लॅपटॉप, त्यावर विंडोज ११ चढत नाही, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) इन्स्टॉल करून दिलं, मस्त पळतोय. फक्त आतलं वायफाय कार्ड आधीच मेलेलं. मग नीट चौकशी करून बाहेरून लावायच्या डोंगलचं मॉडेल ठरवलं, माझा मित्र तेच मॉडेल वर्षभर लिनक्सवर वापरतोय, ऐरोलीहून ट्रेन पकडून ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून घेऊन आलो, लावलं तर वायफायचा पत्ताच नाही, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतोय! कारण पोटात विंडोजचा ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) भरलाय. मोडस्विच करून, म्हणजे सीडीचं सोंग सोडायला लावून, तो वठणीवर आणला तर कळलं आत चिपच वेगळी. मॉडेल तेच, डबा तोच, फक्त मागे मुंगीएवढ्या अक्षरात व्ही३, म्हणजे तिसरी आवृत्ती. अरे आतला माल बदललात तर नंबर बदला ना! ही सरळ फसवणूक आहे.

आणि डब्यावर ठळक 'लिनक्स सपोर्टेड'. कंपनीचा ड्रायव्हर उघडला तर लिनक्सच्या जुनाट कर्नलसाठीचा (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), २.६ ते ३.१० चा. डेबियन १३ चा कर्नल ६.१२ आहे, कंपाइल कसा होणार तो? शेवटी कुणीतरी फुकटात दुरुस्त करून ठेवलेला कोड सापडला, तो उतरवायला पण नेट लागतंच, म्हणजे मोबाईल केबलने जोडा, डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारं साधन) बसवा, मग सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) म्हणतो ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही नाही, मग ती किल्ली नोंदवा. पहाटेचे अडीच. आणि एवढं करून दर दहा मिनिटांनी कनेक्शन तुटतंय.

वर लोक मला सांगतात, लिनक्सच बेकार. लिनक्सवाल्यांनी अजून काय करायचं? डेबियनने तर २०२२ मध्ये मतदान घेऊन फक्त मुक्त सॉफ्टवेअर देण्याचा स्वतःचा नियम वाकवला, डेबियन १२ पासून बंदिस्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच दिलं, लोकांचं वायफाय चालावं म्हणून. ॲथेरॉस या वायफाय चिप कंपनीने २००८ मध्येच आपला एक ड्रायव्हर ओपन सोर्स करून दिला, ती कार्डं आजही लावली की चालतात. म्हणजे जमतं, करायचं नसतं एवढंच.

दुकानदार म्हणतो विंडोजवर चालतंय ना, मग पीस खराब नाही, परत घेणार नाही. भाचीचं उद्या सबमिशन आहे आणि ती माझ्या मोबाईलला केबल लावून बसलीये.