घाटवाटेला जाताना गावातला वाटाड्या घ्या

आम्ही पाच मित्र महिन्यातला एक शनिवार-रविवार सह्याद्रीत असतो. आधी किल्ले केले, मग घाटवाटांचं, म्हणजे देशावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या पायवाटांचं वेड लागलं. त्या अनुभवावरून कळकळीने सांगतो, मोबाईलमध्ये कुणाचा तरी ट्रॅक, म्हणजे जीपीएसवर नोंदवलेली वाट उतरवून घेतली म्हणजे घाटवाट कळली असं समजू नका. वरच्या नाहीतर खालच्या गावातलं माणूस सोबत घ्या.

गेल्या ऑक्टोबरात घाटमाथ्यावरच्या केळदहून मढे घाटाने खाली कोकणातल्या कर्णवडीत उतरलो. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने त्यांच्या गावी, उमरठला नेला असं परंपरेने सांगतात. वाट ठळक, काही अडचण आली नाही. परत वर यायचं होतं उपांड्या घाटाने, आणि तिथे आम्ही चुकलो.

पावसाळा नुकताच सरलेला. गवत डोक्याच्या वर, कारवी दाट. अर्ध्या तासात पायवाट गवतात बुडाली आणि आम्ही नकळत ढोरवाटेला लागलो. स्क्रीनवर ट्रॅकची रेघ तीस-चाळीस मीटरवर दिसत होती, म्हणून निर्धास्त होतो. पण कड्याच्या पोटात तीस मीटरमध्ये अख्खी घळ बसते. शिवाय तिथे आकाश अर्धंच दिसतं, त्यामुळे जीपीएसचा ठिपकाही जागेवर राहत नाही. त्याच्या मागे जाऊन आम्ही सुकत आलेल्या धबधब्याच्या शेवाळलेल्या कातळावर पोचलो. एकाचा पाय सुटला. कारवीचा झुबका हाताला लागला म्हणून तो आज आमच्यात आहे. साडेचार वाजले होते, पाणी संपत आलं होतं.

हाका मारल्या. बऱ्याच वेळाने खालून ओ आली. गुरांमागे आलेले एक मामा, साठीच्या पुढचे, हातात कोयती. आधी त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. मग म्हणाले, "ही ढोरांची वाट. गवत सरलं की वाट सरली."

तासाभरात त्यांनी आम्हाला मूळ वाटेला लावलं. चढताना दाखवत होते: माणसाची वाट ओझं घेऊन चढायची असते, म्हणून ती वळणं घेते, सरळ छातीवर येत नाही. अवघड जागी पायरी खोदलेली किंवा दगड लावलेला सापडतो. दमायच्या जागी झाडाखाली शेंदूर फासलेला देव असतो. हे कुठल्याही ट्रॅकमध्ये उतरत नाही.

नाणेघाटाला सातवाहनांचा शिलालेख आहे, त्यामुळे तो सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्या कितीतरी वाटांचं नावसुद्धा फक्त तिथल्या माणसांच्या तोंडी उरलंय. एकेकाळी मीठ, सुकी मासळी याच वाटांनी कोकणातून देशावर चढायची. गाडीरस्ते झाले आणि वर्दळ तुटली. आता दर पावसाळ्यानंतर कुणीतरी कोयती घेऊन कारवी तोडतो, तेव्हा वाट पुन्हा मोकळी होते. ते काम गावातलीच माणसं करतात, आणि आपण त्यांच्या अंगणातून "जय शिवराय" म्हणून पुढे निघून जातो. मला याची मनापासून लाज वाटते, कारण कित्येक वर्षं मीही तेच केलं.

काही मित्र म्हणतात, वाटाड्या घेतला की वाट शोधण्याचा आनंद जातो. मला उलट अनुभव आला. मामांबरोबरच्या त्या तासात मी जेवढं रान पाहिलं, तेवढं आधीच्या कैक ट्रेकमध्ये पाहिलं नव्हतं, कारण नजर मोबाईलवर नव्हती. आणि पैशांचं म्हणाल, तर शहरातून येण्या-जाण्याच्या डिझेलवर आपण हजारो घालवतो. जो माणूस आपल्यासाठी दिवसभराचं काम सोडून येतो त्याच्याशी घासाघीस करू नका. आदल्या दिवशी फोन करा, मजुरी आधी बोलून घ्या, जेवण त्याच्याच घरी सांगा. आणि तो म्हणाला "आज वर ढग आहेत, नको", तर खरंच जाऊ नका.

पुढच्या शनिवारी पुन्हा उपांड्या. मामांशी बोलणं झालंय. मागच्या वेळी पैसे पुढे केले तर घेतले नव्हते, या वेळी दिवसाची मजुरी आधीच ठरवून घेतलीय. कोयत्या आम्हीही नेतोय, वाट मोकळी करत चढायचं आहे.