विहिरीपासून परत

कळसूबाईचं शिखर मी पाहिलेलं नाही. शेवटच्या शिडीच्या अलीकडे जी विहीर आहे, तिथून परत आले. आधीच सांगून टाकते, कारण सोमवारी ऑफिसात जो तो "मग, केलं का सर?" एवढंच विचारत होता, आणि "नाही" म्हटलं की दहावीला गचकलेल्या पोराकडे बघावं तसं बघत होता.

वय 42. याआधीची सगळ्यांत मोठी चढाई म्हणजे डोंबिवली स्टेशनचा पूल. 'पावसाळ्यात निसरडं, उन्हाळ्यात जीव जातो, नवख्यांनी थंडीतच जावं' हे दहा जणांकडून ऐकून डिसेंबर निवडला. रात्रीची कसारा लोकल, पुढे जीप, पहाटे पायथ्याचं बारी गाव. वर चांदण्यांचा नुसता सडा. फोन म्हणत होता, 'अंशतः ढगाळ'. माझ्या अंगात जीन्स, सुती टीशर्ट आणि वर सुती हुडी. ट्रेकच्या आयोजकांनी पैसे भरताना मला रक्तगट विचारला होता, पोहे चालतील का तेही विचारलं होतं. घालून काय येणार, हे कुणी विचारलं नव्हतं.

खालच्या देवळापर्यंत पोचेतो मी घामाने चिंब. तेव्हा मजाच वाटली, थंडीतही घाम काढला म्हणून! पहिली शिडी चढून मागे वळले तर समोर डोंगर ओळीने उभे. पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावून मान वर केली, तर एक डोंगर गायब. मग दुसरा. पाच-दहा मिनिटांत आमच्या पुढचा माणूसही धूसर झाला आणि भुरभुर सुरू झाली. पाऊस म्हणावा असा नव्हताच तो. पण वारा असा, की ओली हुडी अंगाला चिकटून बसली. शिडीचं लोखंड हाताला चटके देत होतं, गार चटके.

विहिरीपाशी आमच्या म्होरक्याने सगळ्यांना चिक्की वाटली. गावातलाच पोरगा, असेल चोवीस-पंचवीसचा. माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, कागद फोडा की." मला फोडता येईना. बोटं माझी, पण ऐकत नव्हती. दातांनी फाडायला गेले तर दात वाजत होते. त्याने चिक्की परत घेतली आणि जाहीर केलं, "सगळे खाली. शिडीला आता कुणी हात लावायचा नाही."

गलका झाला. नऊशे रुपये भरलेत, अर्ध्या तासावर आलंय, पाऊस तरी आहे का हा! आणि कबूल करते, त्यात मीही होते. "माझ्यामुळे नको, मी इथे बसते, तुम्ही जाऊन या," असा हुतात्मा बाणाही दाखवला. तो म्हणाला, "बसलात तर अजून गार पडाल, ताई. चाला."

आता गंमत ऐका. खाली झोपडीत मावशींच्या चुलीपुढे बसून चहाचा दुसरा ग्लास संपतोय तोवर आभाळ स्वच्छ! कळस लख्ख उन्हात. मग काय, कुरकुर दुप्पट. "बघा, उगाच उतरवलं." मावशी भांडी विसळता विसळता देवीची गोष्ट सांगत होत्या. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही अशी अट घालून कामाला राहिलेली कळसू, अट मोडली तशी उठून डोंगरावर निघून गेली. ऐकायला कुणी जागेवर नव्हतं, सगळे ढग गेल्याचे फोटो काढत होते.

माझा वाद इथेच आहे. बारा वाजता ऊन पडलं म्हणून आठ वाजताचा निर्णय चुकीचा कसा ठरतो? आठ वाजता त्याच्यासमोर ऊन नव्हतं. धुकं होतं, ओलं लोखंड होतं आणि चिक्की फोडता न येणारी एक बाई होती.

आपल्याला वाटतं, थंडीने आजारी पडणं हे हिमालयातलं काम. कळसूबाई अवघी 1646 मीटर. हजार मीटरला साधारण सहा अंश गारवा वाढतो, म्हणजे बारी आणि माथा यांत पाचेक अंशांचा फरक. स्वेटरचं काम! पण भिजलेलं सुती कापड आणि वारा एकत्र आले की हा हिशेब संपतो. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो, आणि त्याला बर्फ लागत नाही. 2021 च्या डिसेंबरच्या पहिल्याच दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गार वाऱ्याने जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडे शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. अंगभर लोकर असलेली, उघड्यावरच वाढलेली जनावरं ती. मी तर डोंबिवलीची.

त्यामुळे 'थंडीत नवख्यांना काळजी नाही' हे सांगणं आता बंद करा. पावसाळ्यात निदान भिजणार हे माहीत असतं, माणूस तयारीने जातो. आयोजकांनो, पोह्यांआधी कपड्यांचं विचारा. सुती नको, एक कोरडा जोड पिशवीत बांधून आणा, हे एका ओळीत लिहून होतं. आणि नऊशे रुपयांत शिखर येत नाही, 'परत फिरा' म्हणणारा माणूस येतो, हेही जाहिरातीतच छापा. नाहीतर दर वेळी त्या पोरानेच शिव्या खायच्या.

खाल्ल्याच त्याने. आमच्यातल्या कुणीतरी एक तारा देऊन 'लीडर घाबरट' असं लिहिलंय. मी पाच दिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: चिक्कीचा कागद फोडता आला नाही.