निळी रेषा काढली कोणत्या गणिताने?

पावसाळा तोंडावर आला की चिपळूणच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पूररेषेचा वाद पेटतो. कोणाचं घर निळ्या रेषेत, कोणाचा प्लॉट लाल रेषेत, गाळ नीट काढला का, कोळकेवाडी धरणाचं पाणी कधी सोडलं. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ बुडाली, तेव्हापासूनचे हे प्रश्न आणि रास्तच आहेत. मी इथे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये ते वाचतो. रेषा आली कोणत्या गणितातून, हे मात्र ग्रुपवर कोणी विचारत नाही.

निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पाणी कुठवर चढेल हे काढायला सँ-व्हनाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची वाहत्या पाण्याची १८७१ सालची समीकरणं वापरतात. त्यांना नदीचे छेद, म्हणजे ठिकठिकाणी पात्र किती रुंद-खोल आहे याची मापं लागतात, पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा लागतो आणि खालच्या टोकाची पातळी लागते. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं खालचं टोक म्हणजे दाभोळची खाडी. तिथे उधाणाची भरती धरली की ओहोटी, त्यावर रेषा सरकू शकते.

‘मोठा सुपरकॉम्प्युटर आणा, सगळं कळेल’ हे आपलं आवडतं उत्तर. पण हे गणित नकाशावर चौकोनांची जाळी टाकून करतात; प्रत्येक चौकोनाची लांबी-रुंदी निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय नेहमीच्या सरळ पद्धतीत वेळेचं पाऊलही (एका आकडेमोडीपासून पुढच्या आकडेमोडीपर्यंतचा काळ) निम्मं करावं लागतं, हे कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच दाखवलं. म्हणजे आठपट यंत्र घेऊन बारकावा फक्त दुप्पट. खरी उडी पद्धत सुधारल्यावर मिळते.

इथल्या लोकांना हे संगणकाच्या आधीच उमगलं होतं. झाउडरझे हा समुद्राचा फाटा धरणाने बंद केला तर बाहेरच्या किनाऱ्यावर भरती किती वाढेल, हे काढायला १९१८ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष लोरेंट्झ, भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. पाण्याचं घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि तिथेच हातचं गणित अडतं. त्यांनी त्याजागी साधं, वेगाच्या प्रमाणातलं घर्षण धरलं. अट एकच: एका पूर्ण भरती-ओहोटीत खर्च होणारी ऊर्जा तेवढीच राहिली पाहिजे. आठ वर्षं आकडेमोड चालली. धरण १९३२ मध्ये पूर्ण झालं आणि भरती जवळपास सांगितल्याप्रमाणेच वाढली. ते पाहायला लोरेंट्झ नव्हते, १९२८ मध्ये गेले.

डचांचं एवढं कौतुक पुरे. चिपळूणच्या पुराच्या आठवडाभर आधीच इथल्या लिंबुर्ग प्रांतात ख्यूल नदीने फाल्केनबुर्ख गाव बुडवलं. समुद्र अडवणाऱ्यांना उतारावरच्या चिमुकल्या नदीने गाठलं. कोकणातल्या नद्या तशाच, आखूड आणि उताराच्या. वर सह्याद्रीचा पाऊस, खाली खाडी.

म्हणून माझी मागणी यंत्राची नाही. वाशिष्ठी आणि शिवनदीचे छेद, गाळ काढण्याआधीची आणि नंतरची मापं, धरलेली भरती, सोडलेलं पाणी हे सगळं तासागणिक आकड्यांसह सर्वांना सहज मिळू द्या. डेल्फ्टचं प्रवाहाचं सॉफ्टवेअर खुलं आहे. रत्नागिरीच्या कॉलेजातली गणिताची मुलं साधं प्रारूप लॅपटॉपवर चालवून बघू शकतील.

हे ग्रुपवर लिहिलं तर चुलतभावाने लगेच विचारलं, “मग आपलं घर रेषेबाहेर निघेल का?” मी लिहिलं, निघेल किंवा आणखी आत जाईल. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.