बी स्वतःचं होतं, हे विसरू नका
लेखात कॅफे कॉफी डेच्या वाढीचं सगळं श्रेय मोक्याच्या जागांना दिलंय, ते पटलं नाही. १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं दुकान उघडलं, तेव्हा संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांच्यामागे घरचे चिकमगळूरचे कॉफीचे मळे होते. बी, भाजणी, कप, सगळं एकाच हातात! आणि दुसरं म्हणजे बसू देणं. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही चौघं एका कॅपुचिनोवर वह्या पसरून दोन-दोन तास बसायचो. कपाच्या कडेला फेस वाळून जायचा, पण कुणी कधी उठवलं नाही. कर्ज काढून पसरत गेले, ते मात्र चुकलंच. २०१९ मध्ये सिद्धार्थ गेले त्या दिवशी खरंच गलबलून आलं. नंतर त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी ज्या जिद्दीने कर्ज खाली आणलं, त्यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.