पास करणाऱ्यांचं काय?

एप्रिल २०२४ मध्ये आपल्या इंदूरच्या नगर निगमात ड्रेनेजच्या खोट्या बिलांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा जो तो विचारत होता, ठेकेदारांनी किती खाल्ले? पाच फर्म, सुमारे २८ कोटींची बिलं आणि जमिनीखाली कामाचा पत्ता नाही. तपासात आकडा पुढे वाढतच गेला. मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट छळते आहे. ही बिलं पास कशी झाली?

मी ३२ वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत काढली. बिल एका सहीवर निघत नाही हो. उपयंत्री मोजमाप घेऊन एम.बी.त, म्हणजे मोजमापाच्या वहीत, चढवतो, सहायक यंत्री तपासतो, कार्यपालन यंत्री पुढे पाठवतो, मग लेखा, मग ऑडिट. एवढ्या टेबलांवरून खोटं बिल सुखरूप निघतं, तेव्हा सगळेच चोर नसतात. काहींनी फक्त न बघता सही ठोकलेली असते. त्यांना कोणी काही विचारत नाही.

एकदा माझ्यापुढे खोदकामाचं बिल आलं. चार महिन्यांतल्या चार तारखा, पण शाई एकच, अक्षर एका बैठकीत लिहिलेलं आणि एम.बी.ची पानं करकरीत. साइटवर फिरलेल्या वहीला मातीची बोटं लागतात, कोपरे दुमडतात. मी नोटशीटवर आक्षेप लिहिला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, "ताई, वरून फोन आहे, एवढं काढून टाका." मी काढलं नाही. फाइल दुसऱ्या टेबलावरून पास झाली, माझी बदली झाली. पास करणाऱ्याला साधी नोटीससुद्धा आली नाही.

नियम आहेत. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम ३७ वाचा. स्वतःच्या लबाडीने किंवा हलगर्जीने सरकारचं नुकसान झालं तर अधिकारी व्यक्तिशः जबाबदार. दुसऱ्याच्या लबाडीला आपल्या हलगर्जीचा हातभार लागला, तर तेवढ्यापुरता तोही जबाबदार. मग पगारातून, पेन्शनमधून वसुली करा ना! लोक म्हणतील, अशाने भीतीपोटी कोणी सहीच करणार नाही, खऱ्या ठेकेदारांचे पैसेही अडकतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच जो जागेवर जाऊन आला, ज्याने शंका लेखी मांडली, त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. आक्षेप घेणाऱ्याची बदली करायची असेल तर कारण लेखी द्यावं लागलं पाहिजे.

माझा भाचा नुकताच लेखा शाखेत लागलाय. परवा विचारत होता, "मावशी, रोज एवढा गठ्ठा येतो, सगळं कसं बघू?" म्हटलं, सगळं नको, रोज एक फाइल निवड आणि घरी जाताना ते काम डोळ्यांनी बघून ये.

काल रात्री त्याचा फोन आला. नाली सापडली, पण बिलातल्या लांबीच्या निम्मीच भरली. आक्षेप कसा लिहायचा, ते विचारत होता.