‘विषय संपला’ म्हणणाऱ्या ‘कातळकडा’ यांना

नमस्कार.

पावसाळी भटकंतीत काडेपेटीच्या काड्या भिजू नयेत म्हणून त्यांना मेण किंवा नेलपॉलिश कसं लावायचं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते इथे जसंच्या तसं देतो. म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“लेख वाचून हसू आलं. घरात पंख्याखाली बसून लिहिलेला दिसतोय. मेण लावलेली काडी पट्टीवर घसरते, पट्टी माखते आणि दोन काड्यांत बाद होते, हे आठवीतल्या पोरालाही कळतं. दहा रुपयांचा लायटर घ्या, विषय संपला. आणि जंगलात आग पेटवायला लोकांना शिकवू नका. ता. क. गुलाबी काड्या छान दिसतात.”

मतभेदाला माझी कधीच हरकत नसते. दोरांच्या गाठींवरच्या लेखात एका वाचकाने मला चांगलंच धारेवर धरलं होतं, त्याच्याशी पुढे दादरला भेट झाली, चहा झाला, आजही मेसेज चालू असतात. पण त्याने सुरुवात ‘हसू आलं’ अशी केली नव्हती. तुम्ही हसलात, मग शिकवलंत, मग ‘विषय संपला’ म्हणून दार लावून घेतलंत. आणि जाता जाता माझ्या काड्यांवरच्या गुलाबी नेलपॉलिशला टोमणा. इतक्या कमी ओळींत इतका अपमान बसवायला कौशल्य लागतं, ते मात्र तुमच्याकडे आहे.

आधी पट्टीचं. गुलावर, म्हणजे काडीच्या पेटणाऱ्या टोकावर, जाड मेण ठेवून ती तशीच ओढली तर पट्टी माखते, बरोबर. माझ्या लेखातही ‘ओढण्याआधी गुलावरचं मेण नखाने खरवडा’ ही ओळ आहे. ती परिच्छेदाच्या पोटात गेली होती, ठळक हवी होती, मान्य. काल रात्रीच केली. आता ती डोळ्यांत भरेल अशी आशा आहे. निदान शेवटपर्यंत वाचणाऱ्यांच्या.

पण ‘आठवीतल्या पोरालाही कळतं’ हे तुम्ही ज्या सुरात म्हणालात त्यासाठी थोडं आठवीच्या पलीकडचंही सांगतो. आपण घरात वापरतो ती सेफ्टी मॅच. गुस्ताफ एरिक पाश या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १८४४ मध्ये तिचं तत्त्व मांडलं : पेटायला लागणारं सगळं साहित्य एका जागी ठेवायचंच नाही. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड वगैरे सरसात, म्हणजे गोंदासारख्या चिकट पदार्थात, मळलेलं असतं. तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या पट्टीत. काडी ओढली की पट्टीवरचा कणभर फॉस्फरस घर्षणाने तापतो, क्लोरेटला भिडतो आणि गुल धरतो. म्हणूनच ही काडी दगडावर किंवा पॅन्टवर ओढून पेटत नाही.

आता मुंबईचा पाऊस यात कुठे येतो? सरसात. सरस हवेतलं पाणी ओढून घेतो. जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर बसलेली असते, त्यामुळे देवघरातली काडेपेटीसुद्धा सादळते. एक थेंब पाणी न लागता. ओढली की गुल पेटण्याऐवजी पिठासारखा पट्टीवर पसरतो. म्हणजे मेण न लावलेली काडीसुद्धा तुमची पट्टी माखतेच, साहेब. मेण नखाने निघतं, सादळलेल्या गुलाचा चिखल निघत नाही. हा हिशोब तुमच्या आठवीतल्या पोराला विचारून बघा.

आणि काडीला मेण नकोच म्हणत असाल तर वाईट बातमी आहे. कारखान्यातून येणारी जवळजवळ प्रत्येक लाकडी काडी मेण पिऊनच आलेली असते. गुल चढवायच्या आधी काडीचं टोक पॅराफिनमध्ये बुडवतात, नाहीतर गुल भस्सकन पेटून विझेल आणि लाकूड धरणारच नाही. शिवाय काडी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेली असते, म्हणून फुंकर मारल्यावर निखारा उरत नाही. (ते मेण लाकडात असतं, गुलावर नसतं, हे मलाही कळतं. लगेच टाइप करायला बसू नका.)

हे मला कुठून माहीत? पंख्याखालून नाही. माझे थोरले मामा अंबरनाथच्या विम्कोत मशीनवर होते. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, १९२३ ची. कारखाना गेला तरी रिक्षावाले ‘विम्को नाका’ म्हणतात तो तिथलाच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लालबागहून मामांकडे जायचो तेव्हा त्यांच्या शर्टाला येणारा वास मला आजही ओळखता येईल. सावरीचं लाकूड काड्यांना का चालतं, गुल ओला असताना काड्या कशा अडकवून वाळवतात, दमट दिवसांत वाळवायला वेळ का लागतो, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. अजून मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून काडेपेटी हा आमच्या घरातला विषय आहे. तुम्ही तो एका ओळीत संपवलात.

राहिला पंखा. रात्रीची शेवटची कसारा लोकल दादरला पकडून, सॅक दाराशी टाकून, पहाटे कसाऱ्याला जीपची वाट बघत कुडकुडणाऱ्यांतला मी आहे. तेव्हा तुमचं टोपणनावही ठरलं नसेल. मला हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं. आपण किती गड केले हे सांगत सुटणाऱ्यांचा मला स्वतःला कंटाळा आहे.

तर आता लायटर. तुमच्या प्रतिक्रियेतलं मला खरं बोचलेलं वाक्य हेच, त्यामुळे थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, दहा रुपये. वीस रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर केंद्र सरकारने २०२३ मध्येच बंदी घातली. तामिळनाडूतल्या शिवकाशी, कोविलपट्टी, सात्तूरच्या काडेपेटीवाल्यांचा धंदा या स्वस्त लायटरांनी बसत चालला होता, त्यांची ओरड बरीच वर्षं चालली होती. काडेपेटी डिसेंबर २०२१ मध्ये एक रुपयाची दोन रुपये झाली, तीही चौदा वर्षांनी. तुमच्या टपरीवर दहाचा लायटर अजून मिळत असेल तर मिळो, पण लोकांना सल्ला देताना भाव तरी आजचा द्यावा.

दुसरी गोष्ट, लायटर पाण्यात चालतो असं तुम्ही गृहीत धरलंय. त्याची ठिणगी दातेरी चाक गारेवर, म्हणजे आतल्या चकमकीच्या तुकड्यावर, घासून पडते. चाक आणि गार ओली झाली की ठिणगी पडत नाही. चाक झटकून, फुंकून, कोरड्या कापडावर फिरवत बसावं लागतं. भर पावसात कोरडं कापड तुम्ही कुठून आणणार, तेही लिहायचं होतंत. शिवाय सॅकमध्ये काहीतरी बटणावर दाबून बसलं की गॅस हळूहळू निघून जातो आणि वरून लायटर तसाच दिसतो. काडी ओली आहे की कोरडी हे हाताला कळतं, रिकामा अपारदर्शक लायटर वेळ येईपर्यंत बोलत नाही.

माझ्या बाबतीत ती वेळ वैशाखऱ्याच्या बाजूला आली होती. नाणेघाटातून उतरताना पाऊस उभा कोसळत होता आणि आमच्यातला एकजण थरथरायचा थांबला. ज्याने कधी थंडीने गारठलेला माणूस पाहिलाय त्याला ठाऊक असतं की थरथर थांबणं हे सुधारणेचं लक्षण नसतं. शरीराचं आतलं तापमान पस्तीस अंशांखाली गेलं की माणूस बडबडायला लागतो, पावलं चुकतात. त्यासाठी हिमालय लागत नाही, भिजलेले कपडे आणि वारा पुरे. शेतावरच्या एका रिकाम्या खोपटात चूल होती, गोवऱ्या होत्या, आडोशाला कारवीच्या सुक्या काटक्या होत्या. दोघांकडे लायटर होते. एकाचं चाक नुसतं फिरत राहिलं, दुसऱ्याचा गॅस गेलेला. पेटलं ते माझ्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीतल्या मेणाच्या काडीने, आणि त्या काडीने मी आधी मेणबत्तीचा तुकडा पेटवला, मग तुकड्याने कापूर, मग कारवी. त्या मित्राचं नाव देत नाही, कारण तो आजही हा किस्सा मी वाढवून सांगतो म्हणतो.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक मुद्दा उरतो. पेटती काडी तुम्ही काटक्यांच्या खाली सारू शकता आणि तिथेच सोडून देऊ शकता. लायटर आडवा धरला की ज्योत अंगठ्याकडे वळते, आणि त्याचं टोपण तापलं की सोडावाच लागतो. टपरीवर दोरीला बांधलेल्या लायटरने सिगारेट पेटवणं आणि ओल्या काटक्यांच्या पोटात जाळ घालणं यात फरक आहे. तुम्ही निदान फेरो रॉड (खरवडून ठिणग्या पाडायची फेरोसेरियम धातूची कांडी) म्हणाला असतात तर मी खुर्ची ओढून ऐकलं असतं. फेरोसेरियम ओलं झालं तरी पुसून ठिणग्या देतं, मीही सॅकला अडकवतो. फक्त त्याला साध्या किंवा सावरीच्या कापसासारखं अगदी कोरडं काहीतरी लागतं आणि हात बसलेला लागतो. बोटं बधिर झाल्यावर हात बसत नाही. पण तुम्ही म्हणालात लायटर.

लायटर ठेवू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ठेवा. झिपच्या पिशवीत ठेवा, बटणाखाली रबरबँड अडकवून ठेवा. मेणाच्या काड्या त्याच्या मागच्या फळीत असतात, आणि माझा लेख त्या फळीबद्दल होता.

जंगलातल्या आगीबद्दल : लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचा. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० प्रमाणे मनाई आहे, राखीव जंगलासाठी १९२७ चा वन कायदा आहे, दोन्ही तिथे लिहिलेत. शीर्षकात ‘आणीबाणी’ आहे, ‘शेकोटी’ नाही.

इतर वाचकांसाठी, तुमच्या निमित्ताने पट्टीचं नीट सांगतो, कारण ते खरंच महत्त्वाचं आहे आणि तुम्ही ते सांगण्याऐवजी नुसते हसलात. काडेपेटीची पट्टी कापून घ्या, एक तुकडा डबीच्या झाकणाला आतून चिकटवा, दुसरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळ्या खिशात. पट्टी भिजली की फॉस्फरसचा थर सुटून येतो आणि कोरड्या काड्यांचंही काही चालत नाही. तिला मेण किंवा नेलपॉलिश अजिबात लावू नका. डबी मिळत नसेल तर काडी मावेल एवढी घट्ट झाकणाची कुठलीही बाटली चालते. आत सिलिका जेलची पुडी टाका, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतो तशी. मेण वितळवताना भांडं थेट गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेणबत्तीचं मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि पाणी शंभराच्या वर जात नाही, एवढी खबरदारी घरात पुरे. काडी बुडवून लगेच बाहेर. जाड थर म्हणजे जास्त संरक्षण हा गैरसमज आहे.

नेलपॉलिश मला मेणापेक्षा बरं वाटतं. त्यात नायट्रोसेल्युलोज असतं, ते स्वतः झटकन जळतं, थर पातळ बसतो, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलं तरी मऊ पडून काड्या एकमेकींना चिकटत नाहीत. लावताना खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटता नको, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डबीत भरू नका.

ता. क. ला ता. क. : गुलाबी नेलपॉलिश बायकोचं आहे, बाटली तळाला गेलेली होती म्हणून मिळालं. आणि रंगीतच वापरतो, कारण पारदर्शक लावलं की कुठल्या काड्या लावलेल्या आणि कुठल्या साध्या ते अंधारात टॉर्चच्या उजेडात कळत नाही. तुम्हाला निळ्या आवडत असतील तर निळ्या करा.