भाडं घेणं थांबलं की सावध व्हा

पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, घरातून भाडेकरूला बाहेर काढायला आता कोणाला दमदाटी करावी लागत नाही. इमारत मोडकळीला येईपर्यंत नुसतं बघत बसलं तरी काम होतं. गिरगावापासून लालबागपर्यंत हे चाललंय आणि आपण अजूनही "आपल्याला कोण काढतंय, आपण पागडीवाले" म्हणून गाफील राहतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला टेकू लावलेत. तात्पुरते म्हणून लावले होते. आता त्यांना खालून गंज चढलाय, बायका त्यांनाच दोरी बांधून कपडे वाळत घालतात आणि लहान मुलांना वाटतं की चाळ अशीच बांधलेली असते. मालकाला पत्रं दिली, उत्तर नाही. मग मालकाचे मेहताजी भाडं घ्यायला यायचे बंद झाले. शेजारी खूश! "येतील तेव्हा एकदम देऊ." अहो, हीच तर पहिली पायरी आहे. उद्या थकबाकीची नोटीस आली तर भरलेल्या भाड्याचा पुरावा कुठून आणणार?

1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आपल्या बाजूने बरंच काही बोलतो. भाडं द्यायची तयारी असेल तोवर नुसत्या भाड्याच्या कारणावरून घर खाली करून घेता येत नाही. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस थांबल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पाणी-वीज तोडता येत नाही. म्हणून मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पोच फेकू नका, फाईलला लावा.

पण दुरुस्तीचं काय? कलम 14 म्हणतं, नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना 60 रुपये भाडं धरा. वर्षाचे 720, वळते होणार 180 रुपये. त्यात प्लंबर दारात तरी उभा राहील का?

आता हे आमच्याच लोकांना आवडणार नाही, तरी बोलते. मालकाचीही एक बाजू आहे. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. ती तशीच ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं डिसेंबर 1997 मध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटलं. नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, म्हणजे 60 रुपयांवर 2 रुपये 40 पैसे. त्यात जिना दुरुस्त होत नाही, हे मान्य. पण खोली दुसऱ्याच्या नावावर होताना मिळालेल्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा आमच्याकडे मालकाकडे जातो, त्याचं काय? त्यातला एक रुपया चाळीवर लागलेला मी पाहिला नाही. माझं स्पष्ट मत आहे की आमचं भाडं वाढवा, चांगलं दहापट वाढवा, पण तो पैसा इमारतीच्या वेगळ्या खात्यात जाऊ दे आणि दुरुस्तीवरच खर्च होऊ दे. आम्ही देऊ. 2017 मध्ये भेंडीबाजारात आणि 2019 मध्ये डोंगरीत इमारती कोसळून माणसं गेली, त्यानंतरही भाडं कमी ठेवणं हाच आपला विजय मानायचा का?

महापालिकेची 354 ची (धोकादायक इमारतीची) नोटीस लागली, इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक, ठरली की सगळे घाबरतात. जीव आधी, घर खाली करावंच लागतं. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय. निघण्याआधी प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि भाडेकरूंची यादी पालिकेकडून लेखी घ्या. बिल्डर आला तर 51 टक्के भाडेकरूंच्या संमतीवर पुनर्विकासाचा प्रकल्प पुढे जाऊ शकतो, म्हणून "सगळ्यांनी सही केली" ऐकून सही करू नका. स्वतःच्या नावाचा नोंदणीकृत करार हातात नसताना चावी देऊ नका. बिल्डरकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं मध्येच थांबल्यामुळे नातेवाइकांकडे विखुरलेली कुटुंबं मला माहीत आहेत.

आणि डोंबिवली-विरारला राहायला गेलेल्यांनो, इथली खोली सलग सहा महिने विनाकारण बंद ठेवलीत तर मालकाला दाव्याचं कारण मिळतं. ज्यांच्या पावत्या अजून आजोबांच्या नावावर आहेत त्यांनी त्यांच्यासोबत राहत असल्याचे पुरावे, म्हणजे रेशनकार्ड, मतदार यादी, जुनी विजेची बिलं, आजच शोधायला घ्या. आमच्या चाळीतल्यांनी येत्या रविवारी झेरॉक्स घेऊन खाली अंगणात यावं, मालकाला सामूहिक पत्र तिथेच लिहू.